शेतातला दगड : हत्यार की नदीचा गोटा?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत शिकवते. गोकाकजवळ घटप्रभेकाठी माझ्या मामांच्या शेतात नांगरताना पंजाएवढा, एका टोकाला निमुळता होत गेलेला तांबूस दगड वर आला. त्याच्या दोन्ही अंगांचे टवके उडालेले आहेत. हे आदिमानवाचे हत्यार असेल का? त्याचे वय कसे कळेल? मुलांना हा विषय शिकवायचा तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर : हत्यार असू शकेल, आणि घटप्रभेचा काठ म्हटल्यावर ही शक्यता सहज झटकून टाकता येत नाही. बेळगावच्या पश्चिमेला सह्याद्रीचा काळा बसाल्ट आहे. गोकाककडे मात्र क्वार्टझाइट हा वालुकाश्मापासून बनलेला खडक उघडा पडतो. गोकाकचा धबधबा कोसळतो तो याच खडकाच्या कड्यावरून. हा दगड कठीण असला तरी नेमका घाव बसल्यावर त्याला धारदार कड येते, म्हणून पुराश्मयुगीन, म्हणजे जुन्या दगडी युगातील, माणसाने तो पुन्हा पुन्हा निवडला. १८६३ मध्ये चेन्नईजवळ पल्लावरम येथे भारतातील पहिले पुराश्मयुगीन हत्यार ओळखणारे रॉबर्ट ब्रूस फूट पुढे भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी आपल्या मुलखात हिंडले, तेव्हा मलप्रभा आणि घटप्रभा यांच्या खोऱ्यांतही त्यांना अशी हत्यारे मिळाली होती.

पुरात आपटूनही गोट्यांचे टवके उडतात, पण ते कोठेही आणि कसेही उडतात. माणूस घाव कडेवर घालतो. निघालेल्या टवक्यावर घावाच्या जागेखाली फुगवटा येतो आणि मूळ दगडावर त्याच्याच जोडीचा खोलगट वण राहतो. असे वण दोन्ही पृष्ठांवर कडेकडून आत गेलेले असतील आणि त्यांतून सलग धार साधली असेल, तर ती हातकुऱ्हाड, म्हणजे दांड्याविना हातात धरून वापरायचे दगडी हत्यार, मानण्यास आधार मिळतो. एखाद्या वणावरून मात्र निष्कर्ष काढू नये.

वय केवळ दगडाकडे पाहून ठरत नाही. तो ज्या थरात रुतलेला असतो, त्या थरावरून ठरते. तमिळनाडूतील अत्तिरंपक्कमच्या हातकुऱ्हाडी किमान दहा लाख वर्षांपूर्वीच्या आहेत हे कळले, ते थर शाबूत होते म्हणून. आपला दगड नांगराने वर आणलेला असल्यामुळे तो पुरावा काहीसा विस्कटला आहे. म्हणूनच गावाचे नाव, शेतातील नेमकी जागा, अंदाजे खोली आणि तारीख आजच चिठ्ठीवर लिहून ती दगडाबरोबर ठेवावी. दगड घासू नये, तासू नये आणि आणखी मिळतील या आशेने शेत खणू नये.

मुलांसाठी सुरुवात काळाच्या अंतरापासून करावी, असे आम्हाला मनापासून वाटते, कारण पुष्कळदा सगळेच ‘आदिमानवाचे’ म्हणून एका टोपलीत टाकले जाते. धबधब्याजवळच्याच कोण्णूरची दगडी थडगी महापाषाण, म्हणजे मोठमोठ्या दगडांची थडगी उभारणाऱ्या, संस्कृतीची आहेत आणि दक्षिणेत ही संस्कृती मुख्यतः लोहयुगातली. आपला दगड हातकुऱ्हाड ठरला, तर त्या दोहोंमध्ये लाखो वर्षांचे अंतर आहे. बेळगाव शहरातील वडगाव-माधवपूरच्या उत्खननात मिळालेली वसाहत तर सातवाहन काळातील, म्हणजे लेखनविद्या रुळल्यानंतरची.

खात्री करून घेण्यासाठी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील प्राचीन इतिहासाच्या विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला छायाचित्रे पाठवावीत. छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी आणि दोन्ही अंगे व कडा स्वतंत्रपणे दाखवाव्यात. शेताजवळ ओढ्याची दरड असेल, तर पावसाळ्यानंतर तिच्यातील गोट्यांचा थर पाहून यावा. तेथे असा दुसरा दगड रुतलेला दिसला, तर त्याचे छायाचित्र घ्यावे, मात्र तो उपटून काढू नये.