डोळे मिटले की हात कुठे आहे तेच कळत नाही

"रात्री डोळे मिटले की माझा हात कुठे आहे हेच कळेनासं होतं. मेंदूचं काही गंभीर तर नसेल?" ही काळजी घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. कुणाला पाय लांब झाल्यासारखे वाटतात, कुणाला बोटं सुजल्यासारखी. त्यातल्याच एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते.

घरातल्या आजारपणामुळे त्यांच्या झोपेचं खोबरं झालं होतं. अशाच एका रात्री पडल्या पडल्या त्यांना वाटलं, उजवा हात नाहीसाच झालाय. घाबरून पांघरूण सारलं, दिवा लावला. हात जागेवरच होता. दुसऱ्या रात्रीपासून तपासणं सुरू झालं आणि हळूहळू ते दिवसातही शिरलं. जिना उतरताना पाय नीट पडतोय का ते बघायचं, कप उचलताना बोटांकडे बघायचं. आणि त्याच रोजच्या जिन्यावर त्या अडखळू लागल्या. "बघा, वाढतच चाललंय," त्या म्हणाल्या.

मी त्यांना आधी मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. यात मी कुणालाच सूट देत नाही, कारण अवयवांचं भान खरोखरच कमी होऊ शकतं. बी-१२ ची मोठी कमतरता किंवा मधुमेहाचा नसांवरचा परिणाम यामागे असू शकतो. अंधारात तोल जाणं, बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना झोक जाणं, तळपायाला सतत मुंग्या किंवा बधिरपणा असं काही असेल तर आधी डॉक्टर, समुपदेशन नंतर. त्यांना पाय जुळवून डोळे मिटून उभं केलं गेलं, पायाचा अंगठा हलवून वर गेला की खाली ते विचारलं, रक्त तपासलं. सगळं व्यवस्थित निघालं, पण त्यांचं समाधान झालं नाही. "रिपोर्ट नॉर्मल आहेत. पण मॅडम, मला जे होतं ते खरं आहे ना?"

खरंच होतं ते. "मनाचे खेळ आहेत" हे वाक्य मी अशा वेळी कधीच वापरत नाही. त्याने समोरचा माणूस आणखी एकटा पडतो. नेमकं काय होतं ते मी त्यांना सांगितलं. स्नायूंमध्ये मसल स्पिंडल नावाचे बारीक संवेदक असतात. स्नायू किती आणि किती वेगाने ताणला जातोय याची खबर ते मज्जारज्जूमार्फत मेंदूला देत राहतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांमधले संवेदक ओढ किती ते कळवतात, सांध्यांवरची त्वचाही त्यात भर घालते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन असं नाव दिलं. हालचाल असली की ही खबर ठसठशीत असते. हात बराच वेळ निश्चल राहिला आणि दिसतही नसला, की त्याच्या जागेचा मेंदूचा अंदाज हळूहळू सरकतो. धडधाकट माणसातही हे होतं. घाबरलेला माणूस तर श्वास रोखून, हात आणखी ताठ ठेवून तो शोधत बसतो.

हे ऐकता ऐकता त्यांनी सुटलेले केस मागे ओढले, पिळा घातला, क्लिप लावली. मी विचारलं, "आत्ता क्लिप कुठे बसवायची ते कसं कळलं?" त्यांचा हात क्लिपवरच थांबला. त्यांनी ती काढली आणि डोळे घट्ट मिटून पुन्हा लावली. मग आणखी एकदा. "हे तर मी रोज करते," त्या म्हणाल्या.

ही जाणीव खरोखर गेली तर काय होतं, तेही मी सांगितलं. इंग्लंडमधल्या इयन वॉटरमन यांचं मानेखालचं स्पर्शाचं आणि अवयवांच्या स्थितीचं भान १९७१ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, एका आजारपणात गेलं. स्नायूंत ताकद होती, तरी उठून बसताही येईना. प्रत्येक हालचालीवर नजरेचा पहारा ठेवत ते पुन्हा चालायला शिकले. अचानक दिवे गेले तर कोसळायचे. "तुम्हाला या पहाऱ्याची गरज नाही," मी म्हटलं, "तरी तुम्ही तो बसवलाय." अंगवळणी पडलेल्या हालचालीत मुद्दाम लक्ष घातलं की ती बिघडते. जिन्यावरचं अडखळणं तिथूनच आलं होतं.

रात्रीसाठी एवढंच ठरलं: हात हरवल्यासारखं वाटलं तर दिवा लावायचा नाही, बोटं एकदा हलवायची आणि सोडून द्यायचं. एकदाच, कारण पुन्हा पुन्हा हलवत राहिलं तर तेही तपासणंच होतं. जिन्यावर कठड्याला हात आणि नजर समोर. बाकीचा बराच वेळ आम्ही घरातल्या आजारपणाबद्दल बोललो, ज्याबद्दल त्या घरी कुणाशीच बोलत नव्हत्या. माझ्या मते त्यांना जास्त गरज त्याचीच होती.

जिना आधी सुटला, रात्र बऱ्याच उशिरा. घरच्या माणसाच्या तपासणीच्या आदल्या रात्री हात अजूनही हरवतो. त्या बोटं हलवतात, क्वचित दिवाही लावतात. दिवा लावला म्हणून सगळं मुसळ केरात गेलं असं धरायचं नाही, हेही आम्ही बोलून ठेवलंय.