वाचकांचे प्रश्न : रानहत्ती पाहायला जाताना

प्रश्न : डिसेंबरात कबिनीला दोन सफाऱ्या केल्या, पण हत्ती ओझरतेच दिसले. आमचं काय चुकलं? (पुणे)

उत्तर : महिना चुकला. १९७४ मध्ये झालेल्या कर्नाटकातल्या कबिनी धरणाचा फुगवटा नागरहोळे आणि बंदीपूर या दोन जंगलांच्या मध्ये पसरलेला आहे. डिसेंबरात तो बराच भरलेला असतो, रानातही पाणी-चारा मुबलक, त्यामुळे कळप विखुरतात. फेब्रुवारीनंतर पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत फुटतं आणि आतली डबकी आटू लागतात. मोठ्या हत्तीला दिवसाला शंभर-दीडशे लिटर पाणी लागतं. मग कळपच्या कळप काठावर उतरतात. मार्चअखेरपासून वळीव सुरू होईपर्यंतचे दिवस धरा. दोन-तीन दमदार सरी पडल्या की हत्ती पुन्हा पांगतात.

एकच सफारी परवडणार असेल तर दुपारची घ्या. उन्हात हत्ती सावली सोडत नाहीत, चारनंतर काठावर येतात. दोन जमल्या तर दुसरी बोटीतून करा. बोटीतून चरणारा हत्ती निवांत न्याहाळता येतो. गवताचा झुपका तो सोंडेत धरतो, पुढच्या पायाच्या नखांनी बुडाशी ठोकर देऊन उपटतो आणि माती झडेपर्यंत पायावर आपटून मगच तोंडात घालतो. एवढं पाहायला ८×४२ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. निघण्याआधी सफारी चालू आहे ना, हे मात्र विचारून घ्या. वणव्याच्या दिवसांत ती बंद असू शकते.

प्रश्न : सुळे नसलेला हत्ती म्हणजे मादीच ना? (नाशिक)

उत्तर : नाही. आपल्याकडच्या हत्तींत मोठे सुळे फक्त नराला येतात, पण बिनसुळ्यांचे नरही असतात. त्यांना मखना म्हणतात. सोंडेचं बूड जाड, अंगाने थोराड आणि एकटाच फिरणारा असेल, तर बहुधा मखनाच.

प्रश्न : म्हैसूर–मानंदवाडी रस्त्यावर हत्ती आडवा आला तर काय करावं? (कोल्हापूर)

उत्तर : जंगलातला हा पट्टा संध्याकाळी ६ ते सकाळी ६ बंद असतो, तेव्हा वेळ हिशेबात धरूनच निघा. हत्ती दिसताच लांबवरच थांबा. हॉर्न नको, दिवे मारणं नको, खाली उतरणं तर नकोच. मागे मोकळं असेल तर गाडी सावकाश मागे घ्या. कळप रस्ता ओलांडत असताना मधून गाडी घालू नका, कारण मागे राहिलेल्या पिल्लासाठी आई हमखास वळते.

कान हलत असतील तर तो अंगातली उष्णता घालवतोय, घाबरू नका. तेच कान पसरून स्थिर झाले, मान वर गेली, सोंड आत वळली, तर तो तुमचाच विचार करतोय. डोळा आणि कान यांच्या मधून काळपट ओघळ दिसला तर नर माजावर आहे. त्याच्यापासून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर ठेवा. पुष्कळदा हत्ती धावून येतो आणि मध्येच थांबतो, पण हा धाक की खरा हल्ला, हे गाडीत बसून ओळखायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : तिलारीत हत्ती आहेत, मग कर्नाटकात कशाला जायचं? (सावंतवाडी)

उत्तर : तिलारी ज्या तालुक्यात आहे त्या दोडामार्गात कर्नाटकातून आलेले हत्ती केळी-माडाच्या बागांत आणि भातशेतीत शिरतात. तिथे बघ्यांची गर्दी झाली की बिथरलेला हत्ती वाडीकडे वळतो आणि भोगतो तो शेतकरी. तिकडे हत्ती पाहायला जाऊ नका. वाटेत दिसलाच तर वनखात्याला कळवा आणि जागा सांगणारा व्हिडिओ कुठेही टाकू नका.