शून्य डॉलरचा फोन आणि दोन पानांचा कागद

तुम्ही विचारलंत, सप्टेंबरमध्ये कॅनडात ओंटारियोत उतरल्यावर मॉलमधल्या स्टॉलवर मिळणारा ‘झिरो डॉलर’ फोन दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर घ्यावा का. आधी आलेल्या मित्राने तसाच घेतलाय म्हणे. माझं ऐकाल तर निदान पहिले चार महिने घेऊ नका. फोन भारतातलाच आणा आणि इथे नुसतं सिम घ्या, प्रीपेड असेल तर उत्तमच.

मी २०२२ साली आलो तेव्हा उलट केलं. काउंटरवरचा मुलगा छान हिंदीत बोलत होता. “प्लॅन पचपन, फोन फ्री.” मी पॅडवर बोटाने सही केली आणि बाहेर पडलो. पहिलं बिल आलं १५५ डॉलर ९४ सेंट. मला वाटलं चुकून दुसऱ्याचं आलं. मग एकेक ओळ वाचली. पहिलं बिल निघेपर्यंतच्या १८ दिवसांचे ३३, पुढच्या महिन्याचे आगाऊ ५५, ‘सेटअप’चे ५०, आणि या सगळ्यावर १३ टक्के एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर. पाटीवरच्या किमतीत टॅक्स नसतो हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कोणी सांगत नाही. सेटअपचं मात्र त्याने सांगायला हवं होतं. विचारल्यावर म्हणाला, “वो तो सबको लगता है.”

खरा फटका दोन वर्षांनी बसला. फोन ‘फ्री’ म्हणजे दरमहा हप्ता शून्य, पण किमतीतले ४२० डॉलर शेवटी ढकललेले. चोवीस महिन्यांनी फोन चांगल्या अवस्थेत परत करा, नाहीतर ते ४२० भरा. आमच्या फोनच्या कोपऱ्याला नखाएवढी चीर होती, बायकोच्या हातून एकदाच पडला होता. चीर असलेला फोन ‘चांगल्या अवस्थेत’ बसत नाही. भरले पैसे. दुकानात ‘रिटर्न’ हा शब्द कानावर पडला, की शेवटी किती द्यायचे तो आकडा तिथल्या तिथे विचारा.

दरमहाची सूटही अशीच फसवी. ‘२४ महिने १५ डॉलर क्रेडिट’ वाचायला गोड वाटतं, पण मध्येच कंपनी सोडली की उरलेलं क्रेडिट गेलं, शिवाय फोनची बाकी एकदम अंगावर. ‘अनलिमिटेड’ डेटाही ठरलेल्या जीबीनंतर इतका मंदावतो की नकाशा उघडायची वाट बघत बसस्टॉपवर उभं राहावं लागतं.

आता दुसरी बाजू, कारण इथले नियम खरंच ग्राहकाच्या बाजूचे आहेत, फक्त ते कोणी आपणहून सांगत नाही. सीआरटीसी या नियामक संस्थेचा ‘वायरलेस कोड’ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. त्यानुसार पोस्टपेड कॉन्ट्रॅक्टसोबत सगळ्या महत्त्वाच्या अटींचा सारांश द्यावाच लागतो, दोन पानांच्या आत. नाव ‘क्रिटिकल इन्फर्मेशन समरी’. सही करण्याआधी तो मागा आणि तिथेच उभ्याने वाचा. मागे रांग असली तर असू दे. तोंडी जे कबूल केलं ते त्यात नसेल तर ते नाहीच असं समजा.

फोनसह कॉन्ट्रॅक्ट घेतलंत तर निदान १५ दिवसांची ट्रायल असते. फोन नव्यासारखा हवा आणि वापर ठरलेल्या मर्यादेत, मग दंड न भरता परत करता येतो. पहिलं बिल मात्र बऱ्याचदा त्यानंतरच येतं, म्हणून बिलाची वाट बघत बसू नका. डिसेंबर २०१७ पासून नवे फोन अनलॉक करूनच, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम चालेल असेच, विकावे लागतात. अनलॉकचे पैसे कोणी मागितले तर सरळ नाही म्हणा.

जादा डेटाचे एका बिलात ५० डॉलरच्या वर आणि रोमिंगचे १०० च्या वर तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाहीत. गोम त्या ‘संमती’त आहे. मेसेज येतो आणि घाईत ‘येस’ दाबलं जातं. सुट्टीत भारतात जाल तेव्हा विमान उतरण्याआधीच कॅनडाच्या सिमचा डेटा रोमिंग बंद करा.

कंपनीने दाद दिली नाही तर सीसीटीएसकडे, म्हणजे फोन-इंटरनेट कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, तक्रार करा. फुकट आहे, ऑनलाइन होते, पण आधी कंपनीकडे तक्रार केलेली असावी लागते, म्हणून चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा. सेटअपचे माझे ५० डॉलर तिथूनच परत मिळाले. ४२० नाही मिळाले, कारण ते त्या दोन पानांत लिहिलेलं होतं. दुसऱ्या पानावर, खालून तिसरी ओळ.

सिम कुठलं घ्यायचं? इथल्या मोठ्या कंपन्या रॉजर्स, टेलस आणि बेल. फिडो रॉजर्सचाच ब्रँड आहे, कूडो टेलसचा, व्हर्जिन प्लस बेलचा. टॉवर तेच, दर बहुधा कमी. राहायची जागा ठरली की तिथे रेंज बघा आणि मग ठरवा. मित्राला मात्र एवढं विचारा, शेवटी किती भरायचेत ते त्याला माहीत आहे का.