कॅसिनोच्या कार्ड रूममध्ये १-२ च्या टेबलावर पहिल्यांदा बसणार आहे. काय लक्षात ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की मोबाइलवर आणि मित्रांमध्ये टेक्सस होल्डेम (हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, असा पोकर) बऱ्यापैकी खेळता, आता कार्ड रूममधल्या सगळ्यात लहान कॅश टेबलावर बसायचंय आणि तीन शंका आहेत: तिथे लोक खेळतात कसे, आपलं हसं होऊ नये म्हणून काय माहीत हवं, आणि यात पैसे सुटतात का. मी अशाच टेबलांवर बसतो, मोठ्या टेबलांच्या वाटेला फारसा जात नाही. त्यामुळे हे उत्तर लहान टेबलापुरतंच धरा.

पहिल्या तासात तुम्हाला सगळ्यात जास्त छळेल तो कंटाळा. मोबाइलवर एका टेबलाचे तासाला साठ-सत्तर डाव सहज होतात. इथे डीलर वाटतो, कुणी चिप्स मोजत बसतो, कुणी गोष्ट सांगण्याच्या नादात आपली पाळी विसरतो, आणि तासाला जेमतेम २५ ते ३० डाव होतात. नऊ जणांच्या टेबलावर शहाणपणाने खेळायचं तर त्यातले पाच-सहा हात खेळण्याजोगे निघतात. वाटलेल्या दोन पत्त्यांत जोडी येण्याची शक्यता १७ त १, आणि दोन एक्के येण्याची २२१ त १, म्हणजे सरासरी सात-आठ तासांत एकदा. बाकीचा वेळ पत्त्यांचा कोपरा उचलून बघायचा आणि ते परत सरकवायचे, एवढंच काम. मोबाइलच्या वेगाला सरावलेला माणूस इथेच घसरतो. चाळीस मिनिटं काही आलं नाही की राजा-नव्वीसुद्धा देखणी दिसायला लागते.

त्या मोहाच्या क्षणी एक हिशोब आठवा. १-२ च्या टेबलावर, म्हणजे स्मॉल ब्लाइंड १ आणि बिग ब्लाइंड २ (पत्ते बघण्याआधी दोघांनी पाळीपाळीने भरायची सक्तीची रक्कम) असताना, एका फेरीत तुमचे ३ जातात. तासाला तीन-सव्वातीन फेऱ्या होतात. म्हणजे अख्खा तास एकही हात न खेळता बसलात तरी खर्च साधारण १०. तुम्ही २०० घेऊन बसला असाल, आणि तेवढेच घेऊन बसा, तर हे काहीच नाही. उलट त्या राजा-नव्वीवर टेबलावर राजा आला, समोरच्याकडे राजा-राणी असली आणि तुम्ही शेवटपर्यंत कॉल करत, म्हणजे त्याने लावले तेवढेच पैसे टाकत गेलात, तर एका डावात ६०-७० गेलेच म्हणून समजा. थांबणं इतकं स्वस्त असलेली जागा पोकरमध्ये दुसरी नाही. त्या स्वस्ताईचा फायदा फार थोडे लोक घेतात, आणि लहान टेबलावर टिकून असलेल्यांचं निम्मं गुपित मला तरी तेवढंच दिसतं.

आता लोकांबद्दल. लहान टेबलावरची बहुतेक मंडळी संध्याकाळ मजेत घालवायला आलेली असतात. त्यांना फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडले जाणारे पहिले तीन पत्ते, बघायचा असतो. रेज, म्हणजे रक्कम वाढवणं, कमी; नुसते कॉल जास्त. एका डावात पाच-सहा जण फ्लॉपपर्यंत येणं तिथे रोजचं. याचा परिणाम फार खोल आहे. दोन एक्के एकाच अनोळखी हाताविरुद्ध शेवटपर्यंत गेले तर साधारण ८५ टक्के वेळा जिंकतात. तेच पाच जणांविरुद्ध गेले तर ४९ टक्के. पत्ते तेच, पण गर्दीत त्यांची किंमत निम्म्याजवळ येते. म्हणून मोबाइलवरचा दुप्पट-अडीचपट रेज इथे कुचकामी आहे. ५ म्हणालात तर टेबलावरचे सगळे आनंदाने पाच टाकतील. बिग ब्लाइंडच्या पाच-सहापट, आणि आधी जितके जण नुसता कॉल करून आत आलेत त्या प्रत्येकामागे आणखी एक बिग ब्लाइंड, असा माझा साधारण ठोकताळा. म्हणजे दोन जण आत असतील तर १४-१५. काही टेबलांवर १५ लाही चौघं येतात; तिथे २०. एखाददुसराच माणूस सोबत येईल असा आकडा त्या दिवशी त्या टेबलावर कोणता, हे पहिल्या अर्ध्या तासात दुसऱ्यांचे डाव बघून कळतं.

जे फ्लॉप बघायला आलेत ते पुढेही सहजासहजी पत्ते टाकत, म्हणजे डाव सोडत, नाहीत. दुसऱ्या नंबरची जोडी, अर्धवट स्ट्रेट (सलग पाच पत्ते), 'बघू तर खरं' एवढ्यावर ते पैसे लावतात. त्यामुळे तुमच्याकडे चांगला हात असेल तेव्हा लाजू नका, पॉटच्या, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांच्या, दोन-तृतीयांशाच्या आसपास लावत राहा. छुपेपणा करून चेक करत (पैसे न लावता पाळी पुढे देत) बसणं ही हुशार माणसांची हौस आहे आणि लहान टेबलावर ती महाग पडते, कारण समोरचा पैसे द्यायला तयार असताना तुम्ही मागत नाही.

आणि ब्लफ? नवख्या माणसाला लाइव्ह, म्हणजे समोरासमोर बसून खेळायचं, पोकर म्हटलं की तोच आठवतो. याला बराचसा टीव्ही कारणीभूत आहे. २००३ साली ख्रिस मनीमेकर हा टेनेसीचा अकाउंटंट ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत शिरला आणि २५ लाख डॉलर जिंकून बाहेर पडला. शेवटी सॅम फरहाविरुद्ध त्याने हातात काहीच जुळलेलं नसताना सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या आणि फरहाने नव्वीची जोडी टाकून दिली. तो डाव जगाने पाहिला आणि पोकरची लाट आली. पण त्या डावात दोनच माणसं उरली होती आणि समोर पत्ते टाकू शकणारा व्यावसायिक होता. तुमच्या १-२ च्या टेबलावर त्याच नव्वीच्या जोडीवाले काका 'मला नाही पटत' म्हणून कॉल करतील. पत्ते टाकू शकतो अशा माणसालाच ब्लफ करता येतं. त्यामुळे सुरुवातीला ब्लफ जवळजवळ विसराच. फ्लॉपला एकटाच माणूस सोबत असेल आणि तुम्ही आधी रेज केलेला असेल, तर एकदा लावून बघायला हरकत नाही. त्याने कॉल केला की थांबा.

याच्या उलट बाजू तितकीच महत्त्वाची. तासभर नुसते कॉल करणारा शांत माणूस टर्नला किंवा रिव्हरला (टेबलावर चौथा किंवा पाचवा पत्ता आल्यावर) अचानक रेज करतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवा. एका जोडीवर तिथे पैसे लावू नका, मग ती एक्क्यांची का असेना. मोबाइलवर 'ब्लफ असेल' म्हणून केलेले कॉल कधीकधी बरोबर निघतात. इथे ते इतके क्वचित बरोबर निघतात की मी तो विचारच सोडून दिलाय. चिप्स ठेवताना त्याचे हात थरथरत असतील तर ती भीतीही नसते, बहुतेक वेळा मोठा हात आल्याची उत्तेजना असते.

हे कळायला बघावं लागतं, आणि बघायला तुमच्याकडे भरपूर वेळ आहे. पत्ते टाकले की फोन काढू नका. कोण कोणत्या जागेवरून आत येतो, शेवटी पत्ते उघडले तेव्हा काय दाखवलं, हरल्यावर कोण चिडून पुढचे तीन डाव खेळतो हे बघा. चेहऱ्यांपेक्षा आकडे जास्त बोलतात. काही जण चांगल्या हाताला १५ आणि बऱ्या हाताला ८ लावतात, आणि दिवसभर तेच करतात.

ड्रॉचा, म्हणजे अजून पूर्ण न झालेल्या हाताचा, हिशोब तुम्हाला येत असेलच, तरी लाइव्हमध्ये फरक पडतो तो सांगतो. फ्लॉपला हातातले धरून चार बदाम झाले असतील तर पाचवा यायला ९ पत्ते. दोन पत्ते येणं बाकी असताना शक्यता ३५ टक्के, एकच बाकी असताना २० ला थोडी कमी. टर्नला पॉट ४० आणि समोरच्याने २० लावले तर ६० जिंकायला २० टाकायचे, म्हणजे २५ टक्के हवेत. कागदावर कॉल चुकीचा. पण समोरचा तुमचा फ्लश (पाच बदाम) झाल्यावरही पैसे देणाऱ्यांपैकी असेल आणि त्याच्यापुढे अजून ढीग असेल, तर कॉल बरोबर ठरतो. लहान जोड्यांचंही तसंच. फ्लॉपला तिसरा पत्ता जुळण्याची शक्यता साधारण साडेआठात एक आहे, म्हणून कॉलच्या पंधरा-वीसपट चिप्स समोर असतील तरच आत जायचं. नाही जुळलं तर निमूट बाहेर.

हसं होण्याची भीती बाळगू नका, डीलर सांभाळून घेतो. काही गोष्टी मात्र आधी माहीत असलेल्या बऱ्या, कारण त्यात पैसे जातात. चिप्स हलवण्याआधी तोंडाने बोला: 'रेज, १५'. बोललेलं बंधनकारक असतं. न बोलता एकच मोठी चिप टाकलीत तर ती सहसा कॉल धरली जाते, मग ती १०० ची का असेना. दोन हप्त्यांत चिप्स पुढे सरकवल्या तर दुसरा हप्ता परत मिळतो. आपली पाळी येण्याआधी काही करू नका, पत्तेही टाकू नका. पत्ते टेबलावरच ठेवून कोपरा उचला आणि त्यावर एक चिप ठेवा. डीलरच्या शेजारी बसला असाल तर नक्कीच, कारण चुकून ओढले गेलेले पत्ते परत मिळतीलच असं नाही. शेवटी जिंकलो की हरलो याची खात्री नसेल तर दोन्ही पत्ते उताणे टाका, डीलर वाचेल. न दाखवता सरकवलेला जिंकता हात सहसा गेलाच. डाव चालू असताना खिशातून पैसे काढता येत नाहीत, आणि टेबलावरच्या चिप्स खेळता खेळता खिशात घालता येत नाहीत. चिप्स उचलायच्या तर उठायचं.

मित्राबरोबर जाणार असाल तर आणखी एक. बऱ्याच खोल्यांत डाव चालू असताना ठरलेली एकच भाषा बोलायची असते. तुम्ही दोघं मराठीत जेवणाबद्दल बोलत असलात तरी बाकीच्यांना ते पत्त्यांबद्दल वाटणार आणि डीलर टोकणार. दोघं एकाच टेबलावर बसूच नका असं मी म्हणेन. एकमेकांशी मऊ खेळलं जातं आणि ते इतरांना दिसतं.

पैसे सुटतात का? थोडे, काहींना, आणि फार सावकाश. तुमचा खरा प्रतिस्पर्धी रेक आहे. खोली प्रत्येक पॉटमधून काही टक्के, ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत, कापून घेते. काही ठिकाणी त्याऐवजी वेळेचं भाडं असतं. समजा सरासरी एका डावाला ४ कापले गेले आणि तासाला २८ डाव झाले, तर टेबलावरून तासाला ११२ चिप्स नाहीशा होतात. नऊ जणांत वाटलं तर माणशी १२ च्या वर, म्हणजे सहा बिग ब्लाइंड. नुसतं बरोबरीत राहायला तुम्हाला इतरांपेक्षा तेवढं चांगलं खेळावं लागतं. बसण्याआधी रेक किती आणि कमाल मर्यादा काय हे विचारा, त्यात संकोच नको.

तासाला पाच बिग ब्लाइंड कमावणारा माणूस माझ्या लेखी चांगला खेळाडू. आता त्याचंच बघा. १०० डावांमागे चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, ९० बिग ब्लाइंड धरलं, जे होल्डेमच्या कॅश टेबलाला अवास्तव नाही, तर तासाला ३० डावांनी १०० तास खेळल्यावर त्याची अपेक्षित कमाई ५०० बिग ब्लाइंड आणि चढउतारही जवळपास ५०० च येतो. म्हणजे असे चांगले सहा खेळाडू घेतले तर १०० तासांनंतरही त्यातला एक तोट्यात असू शकतो. पहिल्या काही संध्याकाळींवरून आपण चांगले की वाईट हे ठरवू नका, दोन्ही बाजूंनी. आणि यातून घरखर्च चालवायचा विचार असेल तर या टेबलावर तो चालत नाही.

गेले तरी चालतील एवढेच पैसे न्या, दोनदा बसता येईल इतके, आणि बँकेचं कार्ड मुक्कामाच्या खोलीवर राहू द्या. मी पैशांपेक्षा वेळेची मर्यादा जास्त पाळतो. चार तासांनंतर माझं लक्ष उडतं, आणि लक्ष उडालं की जे सगळं वर लिहिलंय ते करणारा माणूस खुर्चीत उरत नाही. हरलेले परत मिळवायला बसावंसं वाटू लागलं तर मर्यादेची वाट बघू नका, लगेच उठा.

टेबल निवडणं तुमच्या हातात असतं, हे बरेच जण विसरतात. सहा जण कानात हेडफोन घालून गप्प, प्रत्येकापुढे नीट रचलेले ढीग, रेज झाला की सगळे बाहेर, असं टेबल मिळालं तर फ्लोअरच्या माणसाला (टेबलांवर देखरेख करणाऱ्याला) सांगून बदलीच्या यादीत नाव घाला. शेजारी जिथे हशा पिकतोय, पॉट मोठे होतायत आणि कुणीतरी तिसऱ्यांदा चिप्स मागवतोय, तिथे जागा मागा. तिथे गेल्यावर थेट पत्ते घ्यायची घाईही नको. काही खोल्यांत लगेच खेळायचं तर जादा ब्लाइंड भरायला लावतात. बिग ब्लाइंड आपल्यापर्यंत येईतो बसून राहिलात तर ते वाचतात आणि तेवढ्यात चार-पाच डाव फुकट बघूनही होतात.