परदेशात राहताना तिथला ईस्टरच्या आधीचा पारंपरिक सप्ताह कोणी अनुभवलाय का?
हो, स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये. मी फलटणचा, माउलींची पालखी बघत वाढलेला, त्यामुळे मिरवणुकीचं अप्रूप नव्हतं. पण इथे मूर्तींचा अवजड चौथरा वाहणारे दिसतच नाहीत. पडद्याआड, मानेवर भार घेऊन चालतात. म्होरक्याने हातोडीचा ठोका दिला की सगळे एका झटक्यात उठतात. अंगावर काटा येतो!

मिरवणुकीत चालणाऱ्यांचे उंच टोकदार बुरखे बघून दचकू नका, ते प्रायश्चित्ताचे. पोरं त्या बुरखेवाल्यांच्या मेणबत्तीचं मेण मागून गोळे वळतात, वर्षानुवर्षं वाढवतात. गुरुवारची रात्र जागाच. बूट मात्र खरबरीत तळाचे घाला, सांडलेल्या मेणावरून मी सपशेल आपटलोय.

आणि तोरिहास खा: दुधात भिजवून, अंड्यात घोळवून तळलेला पाव, वर मध. ‘उपासाच्या दिवसांत पाव?’ आई फोनवर कितीतरी वेळ हसत होती.