हिंसा आणि हन् धातूची इच्छा

फोंड्याहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे, की ‘हिंसक’ आणि ‘हिंस्र’ यांत फरक काय, आणि शांततेत पार पडलेल्या मोर्चाला ‘अहिंसक’ म्हणता येते का.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. मराठीत स्वभावानेच मारक असलेले श्वापद हिंस्र (‘नम्र’मधला ‘र’ प्रत्यय तोच), तर माणूस किंवा त्याचे कृत्य हिंसक. दुसरा प्रश्न मात्र माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण ‘कडेकोट बंदोबस्तामुळे मोर्चा अहिंसक झाला’ हे वाक्य बातम्यांत ऐकून मी हैराण झालो आहे.

‘जिज्ञासा’ म्हणजे जाणण्याची इच्छा आणि ‘पिपासा’ म्हणजे पिण्याची, हे शाळेत शिकवतात. या इच्छार्थक रूपांत धातूचा आरंभ दुणावतो. पण लभ् धातूपासून ‘लिप्सा’ होते तेव्हा ते द्वित्व गळते, आणि शक्‌पासून ‘शिक्षा’ व भज्‌पासून ‘भिक्षा’ हे शब्दही तसेच घडलेले आहेत. ‘हिंसा’ याच घरची लेक आहे : हन् धातूचे जुने, गोठलेले इच्छार्थक रूप, म्हणजे मारण्याची इच्छा. अमेरिकन संस्कृत पंडित व्हिटनीने आपल्या संस्कृत व्याकरणात हेच मत मांडले आहे. धातुपाठात हिंस् हा रुधादिगणातला (संस्कृत धातूंच्या दहा गटांपैकी एकातला) स्वतंत्र धातू आहे एवढे सांगून विषय मिटवणाऱ्यांचे मला मुळीच पटत नाही. धातुपाठ ही धातूंची जंत्री आहे, त्यांचा जन्मदाखला नव्हे. हन्‌चे इच्छार्थक रूप ‘जिघांसा’ असताना ‘हिंसा’ कशाला, हा त्यांचा आक्षेपही टिकत नाही, कारण भज्‌लासुद्धा ‘भिक्षते’ आणि ‘बिभक्षति’ अशी जुनी व नियमित रूपे शेजारी शेजारी आहेत.

ही व्युत्पत्ती स्वीकारली की शब्दाचा भार हातावरून मनावर येतो. काजूच्या बागेत गलोल ताणून कवड्यावर नेम धरणाऱ्या मुलाचा खडा फांदीला लागून पाखरू उडून गेले, तरी हिंसा झालेली असते. पतंजलीच्या योगसूत्रांत अहिंसा दृढ झाल्याची खूण ‘तत्सन्निधौ वैरत्यागः’ अशी सांगितली आहे. अशा माणसाजवळ येणाऱ्याचेही वैर गळून पडते. बंदोबस्ताने दगड खिशात राहतो, वैर जागच्या जागी असते. म्हणून त्या मोर्चाला ‘शांततापूर्ण’ म्हणावे. तो शब्द पुरेसा प्रामाणिक आहे.

उलट, 15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवीला शांतता कुठे होती? निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून गोव्यात शिरले, पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, माणसे पडली आणि मागचे तरीही हात न उचलता पुढे आले. ‘अहिंसक’ हे विशेषण त्यांच्यासाठी राखून ठेवावे, एवढीच माझी विनंती आहे.