गाणं मिसळतं कुठे, अडतं कुठे

वाचकांनी पाठवलेले डान्स म्युझिकविषयीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : रेडिओवर तीन मिनिटांत संपणारं गाणं क्लबमध्ये सहा मिनिटं चालतं. मधे काय वाढवलेलं असतं? (एक वाचक, कॉलेज रोड)

बहुतेक वेळा नुसता ठेका. रेडिओला गायकाचा आवाज पहिल्या काही सेकंदांत हवा असतो, म्हणून रेडिओ एडिटमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा मोकळा ठेका कापून टाकतात. एक्स्टेंडेड मिक्समध्ये तो जागेवर असतो, दोन्ही टोकांना ३२ किंवा ६४ ठोके. १२४ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२४ ठोके असलेल्या गाण्यात ६४ ठोके म्हणजे साधारण ३१ सेकंद. एवढ्या वेळात डीजे जुनं गाणं उतरवतो आणि नवं चढवतो. १९७६ मध्ये बारा इंची सिंगल दुकानांत आली ती याच गरजेपोटी. मोठ्या तबकडीवर खाचा ऐसपैस कोरता येत, त्यामुळे लांबीही मिळे आणि बेसही दणकट उमटे.

हाताशी फक्त रेडिओ एडिट असेल तर गाण्यातली गायन नसलेली ८ ठोक्यांची स्वच्छ जागा शोधा आणि ती चार वेळा पुढे जोडा. गाणं आत आणायला ३२ ठोक्यांची मोकळी जागा तयार होते. रेडिओवरून रेकॉर्ड केलेलं गाणं मात्र हॉलमध्ये लावू नका. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही येत नाही, शिवाय स्टेशनवर आवाज दाबून सपाट केलेला असतो. मोठ्या स्पीकरवर किकमधला, म्हणजे बेस ड्रमच्या ठोक्यातला धक्काच हरवतो.

प्रश्न : डान्स चार्टवर पहिल्या नंबरचं गाणं लावलं आणि माणसं खुर्च्यांकडे गेली. मग चार्ट मोजतात तरी काय? (एक वाचक, इंदिरानगर)

कोणता चार्ट, त्यावर आहे. बिलबोर्डने ऑक्टोबर १९७४ मध्ये डिस्कोचा चार्ट सुरू केला तेव्हा न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये काय चालतं ते पाहिलं जायचं. पुढेही त्यांचा क्लब चार्ट डीजेंनी कळवलेल्या याद्यांवरच उभा होता. तो मार्च २०२० मध्ये थांबला. २०१३ पासूनचा डान्स-इलेक्ट्रॉनिक चार्ट मुख्यतः स्ट्रीमिंग, विक्री आणि रेडिओ मोजतो, म्हणजे बसमध्ये इअरफोनवर ऐकलेलं गाणंही त्यात धरलं जातं. ऐकायला गोड आणि पायाला थंड अशी गाणी तिथे वर दिसतात ती त्यामुळेच. निवडताना नंबर बाजूला ठेवून किक कितव्या सेकंदाला सुरू होते ते पाहा.

प्रश्न : हळदीच्या कार्यक्रमात नाशिक ढोलावरून थेट हाऊसवर (सरळ ठेक्याच्या क्लब संगीतावर) जायचं असतं. सॉफ्टवेअर दोन्ही गाणी १२४ बीपीएम दाखवतं, सिंक (दोन्हीचे ठोके जुळवणारं बटण) दाबलेलं असतं, तरी वीस सेकंद नुसता गोंधळ. कंट्रोलर बिघडलाय का? (एक वाचक, पंचवटी)

कंट्रोलर ठीक आहे. अडचण दादरा आणि केहरव्याची आहे. हाऊसमध्ये एका ठोक्याचे दोन किंवा चार सारखे भाग पडतात, केहरव्यासारखे. ढोलाच्या ज्या चालीत झोका असतो, तिथे एका ठोक्याचे तीन भाग पडतात, दादऱ्यासारखे. मुख्य ठोका दोन्हीकडे एकाच क्षणी येतो, म्हणून सॉफ्टवेअर समाधानी असतं. भांडण आतल्या ठोक्यांचं असतं. १२४ बीपीएमला एक ठोका ४८४ मिलिसेकंदांचा. हाऊसचा हायहॅट (ड्रमसेटमधली झांज) बरोबर मध्यावर, २४२ वर वाजतो. ताशाच्या काड्या १६१ आणि ३२३ वर पडतात. हे ८० मिलिसेकंदांचं अंतर कानाला स्पष्ट कळतं आणि नाचणाऱ्याचा पाय नेमका तिथेच अडखळतो.

तेव्हा ही दोन गाणी एकमेकांवर चढवायचीच नाहीत, शेजारी ठेवायची. ढोलाच्या गाण्याचे शेवटचे ३२ ठोके मोजा. १७ व्या ठोक्यापासून त्याचा बेस हळूहळू उतरवा. २५ व्या ठोक्यावर ४ ठोक्यांचा लूप पकडा, म्हणजे तेवढाच तुकडा फिरत राहील आणि मध्येच भलतं कडवं सुरू व्हायचं नाही. २९ व्या ठोक्यावर लूप थेट पाव ठोक्यावर आणा. पाव ठोक्याच्या तुकड्यात फक्त पहिला ठोका सापडतो, कारण तिसऱ्या भागावरची काडी त्याच्या बाहेर राहते. त्यामुळे झोका गळून पडतो आणि उरतात सरळ, सारख्या अंतराचे ठोके, जे हाऊसच्या चालीत बसतात. हे चारच ठोके ठेवा, दोन सेकंदांहून कमी. जास्त ताणलं तर लोकांना गाणं अडकलंय असं वाटतं. ३३ व्या ठोक्याला लूप बंद, जुन्या गाण्यावर इको सोडून फेडर खाली, आणि नवं गाणं थेट किकवरून सुरू. नव्या गाण्यात तो बिंदू आधीच क्यू (खूण) करून ठेवा, ऐनवेळी शोधायला वेळ नसतो. आणि लूप पकडण्याआधी क्वांटाइझ (लूप नेमका ठोक्यावर बसवणारी सोय) चालू आहे ना ते बघा. ते बंद असेल तर बोट जरा मागेपुढे झालं तरी पाव ठोक्याचा लूप काडीवर जाऊन बसतो.

ढोलाखाली हाऊसची किक दाबून ढोल 'मॉडर्न' करण्याची पद्धत बोकाळली आहे, ती आम्हाला पटत नाही. ढोलाचा घुमारा आणि किक एकाच खालच्या पट्टीत वाजतात, एकमेकांना खातात आणि दोन्ही पोचट होतात. ढोल वाजू द्यावा, पूर्ण वाजू द्यावा.

चाल केहरव्याची असेल तर काम सोपं. फक्त वेग सांभाळा. ११८ चं गाणं १२४ वर न्यायचं तर ५ टक्के वाढ होते. की लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद असेल तर ६ टक्क्यांना सूर अख्खा अर्धा स्वर चढतो आणि ओळखीचा गायक परका वाटू लागतो. की लॉक लावून ५-६ टक्के चालतं, त्यापुढे आवाजाला खरखर येते. आम्ही सुचवू की दोघांनी मधे भेटावं : जुनं १२१ वर चढवा, नवं १२१ वर उतरवा, जुनं निघून गेलं की दीडेक मिनिटात नवं हलकेच मूळ वेगाला आणा. कुणाच्या लक्षातही येत नाही.

जुन्या गाण्यांबाबत एक सावधगिरी. वादक एकत्र बसून वाजवत तेव्हा वेग थोडा सरकायचाच. मुखड्यात १०४ असलेलं गाणं अंतऱ्यात १०६ झालेलं असू शकतं, आणि सॉफ्टवेअरची ग्रिड (ठोक्यांच्या खुणांची जाळी) पहिल्या आकड्यालाच धरून बसते. अशा गाण्यात सिंकवर विसंबू नका, जिथून बाहेर पडायचं तिथली ग्रिड हाताने लावा.

प्रश्न : गंगापूर रोडच्या लॉन्सवर दोन सब (फक्त बेस वाजवणारे स्पीकर) स्टेजच्या दोन टोकांना लावले. मधोमध बेस छातीत बसतो, चार पावलं बाजूला गेलं की गायब. (एक वाचक, सातपूर)

५० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे ७ मीटर. एका सबपासून तुमचं अंतर दुसऱ्यापेक्षा साडेतीन मीटरने जास्त झालं की एकाची लाट वर असताना दुसऱ्याची खाली असते आणि दोन्ही एकमेकांना पुसतात. मधोमध अंतर सारखं, म्हणून तिथे दणका. वॅट वाढवून हे सुटत नाही. दोन्ही सब उचलून स्टेजसमोर मधे, एकमेकांना चिकटवून ठेवा. टॉप, म्हणजे बाकीचा आवाज देणारे स्पीकर, दोन बाजूंनाच राहू देत.

चिकटवल्यावरही बेस पोकळ वाटला तर एका सबची वायर उलटी असण्याची शक्यता मोठी. नुसत्या किकचा लूप लावा, सबपासून सात-आठ मीटरवर उभं राहा आणि जोडीदाराला एका सबचं फेज बटण दाबायला सांगा. ज्या स्थितीत आवाज भरदार येईल तीच बरोबर. मिक्सरवर लाल दिवा लुकलुकत असेल तर मास्टर तसाच ठेवून आधी चॅनेलचा गेन उतरवा. आवाज तिथेच फाटलेला असतो.

प्रश्न : रात्री दहानंतर बंद हॉलमध्ये वाजवलं तर चालतं ना? (एक वाचक, सिडको)

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. लॉन्स उघड्यातच मोडतं. बंद हॉलला सूट आहे, पण आवाज आत राहिला पाहिजे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि खासगी जागेच्या हद्दीवर त्याहून ५ पेक्षा जास्त चालत नाही. भिंतीपलीकडे जातो तो मुख्यतः बेस. दहाला सबचा आवाज ६ डेसिबलने उतरवा, ४५ हर्ट्झच्या खालचं फिल्टरने कापा, दारं लावा आणि एकाला बाहेर कंपाउंडच्या भिंतीपाशी उभं करून ऐकायला लावा.